अनलिमिटेड सुशी आणि ग्रॅममध्ये मोजलेले ताट

"जयंतीची वर्गणी मागायला दारात येता आणि माणशी अडीच हजारांची सुशी खाता? तेवढ्या पैशात ७५६ शिवभोजन थाळ्या आल्या असत्या!" हा प्रश्न आम्हाला परक्या कुणी विचारला नाही, आमच्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारला गेला. विचारणारे कार्यकर्ते आमच्यापेक्षा वयाने मोठे आहेत, नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेले आहेत. त्यामुळे ग्रुपवर दोन ओळी टाकून विषय मिटवणे आम्हाला पटले नाही. शिवाय त्याच दिवशी दुसऱ्या एका मित्राने विचारले, "बौद्ध असून कच्चे मासे कसे खाल्ले?" दोन्ही प्रश्नांची उत्तरे इथे देत आहोत. तरुण मित्रांनी ती तपासून घ्यावीत, पटली नाहीत तर वादही घालावा.

आधी घडले काय ते सांगतो.

उल्हासनगर कॅम्प चारमधल्या सुभाष टेकडीवरचा एक मुलगा. वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार, आई चार घरची धुणीभांडी करते. अंबरनाथला आम्ही जी अभ्यासिका चालवतो तिथे त्याने पाच वर्षे काढली. इंजिनियर झाला, ऐरोलीच्या एका कंपनीत लागला. पहिला पगार झाल्यावर त्याने आईला साडी घेतली, वडिलांना चष्मा केला आणि आम्हाला व बदलापूरच्या आमच्या सहकारी ताईंना म्हणाला, "तुम्ही दोघं माझ्यासोबत जेवायला चला. कुठे ते मी ठरवणार." त्याच्या ऑफिसातली मुलं ज्या हॉटेलचे फोटो टाकतात, तिथेच त्याला जायचे होते. लोअर परळ, एका जुन्या गिरणीचे आवार, जपानी हॉटेल, अनलिमिटेड सुशी. माणशी २,४०० रुपये आणि ५ टक्के जीएसटी, म्हणजे २,५२०. तिघांचे ७,५६०. ग्रुपवरचा हिशेब अचूक होता, हे आम्ही आधीच मान्य करतो.

हॉटेलच्या नावावर 'अनलिमिटेड' असले तरी कार्डावर अटी होत्या. वेळ दोन तासांची. ताटात उरले तर प्रत्येक तुकड्यामागे जादा आकार. डबा बांधून मिळणार नाही. ताईंनी अटी वाचल्या आणि हसत म्हणाल्या, "म्हणजे ह्यांचं अमर्याद आपल्या रेशनसारखंच की. अटी लागू." 

मग काळ्या पाटीवर सुशी आली. आंबूस केलेल्या चिकट भाताचे बोटभर मुटके, वर माशाचा कच्चा काप. समुद्री शेवाळाच्या काळ्या पापुद्र्यात गुंडाळलेले रोल. हिरवी तिखट वसाबी, आल्याचे लोणचे, सोया सॉस. जैन सुशीचे वेगळे पान होते, कांदा-लसूण नसलेले. मुलाने दोन काड्या हातात घेतल्या. मुटका धरायला जावे तर तो फुटायचा. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी एकदा पाहिले, त्याने मान खाली घातली. ज्या मुलाने चार वर्षे गणिताचे कठीणात कठीण पेपर दिले, तो दोन काड्यांपुढे घाम पुसत होता. वाढणारा तरुण जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, हाताने खाल्लं तरी चालतं. हीच खरी पद्धत आहे." मुलाने काड्या बाजूला ठेवल्या, हाताने मुटका उचलला, तोंडात टाकला आणि थोडा वेळ चावून म्हणाला, "ताई, हा तर आपला शिळा भात. फक्त वर सुकटीऐवजी ओला मासा."

आम्ही तिघेही हसलो. पण घरी येऊन सुशीचा इतिहास वाचला तेव्हा कळले की पोराचे बोलणे फार चुकीचे नव्हते.

सुशी कुणाची?

सुशी हे मुळात श्रीमंतांचे खाणे नव्हे. तिचे मूळ मासे टिकवण्याच्या युक्तीत आहे. आग्नेय आशियातल्या भातशेतीच्या मुलखात माणसे मिठातला मासा शिजवलेल्या भातात दाबून महिनोन् महिने आंबवत. मासा खायचा आणि तो आंबलेला भात टाकून द्यायचा. जपानमध्ये बिवा सरोवराच्या काठावर अशी 'फुनाझुशी' आजही करतात. तिचा वास इतका उग्र असतो की आपल्या बोंबलाने लाजावे. आज जिला आपण सुशी म्हणतो ती हातावर वळलेली 'निगिरी' १८२० च्या दशकात एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, रूढ झाली. हानाया योहेई या विक्रेत्याला तिचे श्रेय दिले जाते. ती रस्त्यावरच्या गाडीवर मिळायची. घाईत असलेला कारागीर, हमाल, मजूर उभ्या उभ्या हाताने खायचा आणि कामाला लागायचा. आपल्याकडे स्टेशनबाहेरचा वडापाव, तशी तिकडे सुशी.

आज ज्या टूना माशाच्या चरबीदार कापाला सर्वात जास्त भाव आहे, तो भाग त्या काळी हलका समजून टाकून देत. मांजरही ओलांडून जाईल, असे त्याला म्हणत. सामनचा नारिंगी काप तर त्याहून अलीकडचा. जपानी लोक आपल्या समुद्रातला सामन जंतांच्या भीतीने कच्चा खात नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेला आपला शेतीतला सामन विकायचा होता, म्हणून त्यांनी जपानमध्ये मोहीम चालवली आणि सामनची सुशी रूढ झाली. म्हणजे जिला 'अस्सल परंपरा' म्हणून आपण अडीच हजार मोजतो, तिचा एक मोठा भाग चाळीसेक वर्षांपूर्वीच्या बाजाराने घडवलेला आहे.

अनलिमिटेडची गोष्टही तशीच. १९५८ साली तोक्योच्या इम्पीरियल हॉटेलने स्वीडन-डेन्मार्ककडच्या पद्धतीने एकाच किमतीत हवे तितके खा, अशी मेजवानी सुरू केली. जपानमध्ये अशा जेवणाला आजही 'व्हायकिंग' म्हणतात. त्याच वर्षी ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी या हॉटेलवाल्याने फिरत्या पट्ट्यावरची सुशी आणली. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्याला ही कल्पना सुचली. नोकर कमी लागतात, म्हणून सुशी स्वस्त झाली आणि कामगारवर्गाला पुन्हा परवडू लागली. अंबरनाथच्या ज्या पोरांनी एमआयडीसीत कन्व्हेयरसमोर बारा तासांच्या पाळ्या काढल्या आहेत, त्यांना हे तंत्र समजावून सांगायची गरज नाही. 

हे सगळे सांगण्याचे कारण एवढेच की कुठलेही अन्न जन्मतः उच्च किंवा नीच नसते. ते कोण खातो, कुठे बसून खातो आणि त्याची किंमत कोण ठरवतो, यावर त्याची प्रतिष्ठा ठरते. मजुराचे खाणे साहेबाच्या टेबलावर गेले की त्याला कला म्हणतात. आमचे खाणे मात्र आमच्याच घरात राहिले, तर त्याला वास येतो.

वास कुणाच्या घराला येतो?

आम्हाला वाढणारा तो तरुण मणिपूरचा होता. ताईंनी त्याला गाव विचारले, तसा तो मोकळा झाला. म्हणाला, "इथे लोक मला जपानीच समजतात. जाताना आरिगातो म्हणतात. मीही मान झुकवतो." मुंबईतल्या अशा हॉटेलांत ईशान्येची मुले-मुली का दिसतात, हे उघड आहे. त्यांचा चेहरा सजावटीला चालतो. त्यांच्या घरीही आंबवलेला मासा असतो, त्याला ते 'ङारी' म्हणतात. पण सांताक्रूझच्या ज्या खोलीत तो आणि त्याचे तीन मित्र राहतात, तिथे ङारी शिजवायला मनाई आहे. घरमालकाने बजावले आहे, वास आला तर खोली खाली करा.

मित्रांनो, जरा विचार करा. आंबवलेल्या माशापासून जन्मलेले अन्न वाढण्यासाठी ज्याला पगार मिळतो, त्याला स्वतःचा आंबवलेला मासा स्वतःच्या खोलीत शिजवता येत नाही. हा एकट्याचा अनुभव नव्हे. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका काढली, तिच्यात उग्र वासाचे पदार्थ शिजवताना शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नका, अशी सूचना होती. संरक्षण द्यायचे होते त्यांना, आणि शिस्त लावली तीही त्यांनाच.

आपल्याकडे काय वेगळे आहे? बदलापुरात नवे टॉवर उभे राहत आहेत. आमच्या ताईंनी तिथे भाड्याने घर पाहिले, तेव्हा आडनावाच्या आधी प्रश्न आला, "नॉनव्हेज खाता का?" हा प्रश्न आहाराचा वाटतो. खरे तर तो जातीचा आणि धर्माचा दाखला मागणारा सभ्य प्रश्न आहे. आयआयटी मुंबईत २०२३ साली मेसमधली काही टेबले फक्त शाकाहारींसाठी राखून ठेवली गेली. त्याला विरोध केल्याबद्दल विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने 'शुद्ध शाकाहारी' जेवणासाठी हिरव्या गणवेशातले वेगळे डिलिव्हरीवाले आणायची घोषणा केली. टीका झाल्यावर हिरवा गणवेश मागे घ्यावा लागला. लाल शर्टातला पोरगा सोसायटीच्या फाटकावर अडवला गेला असता, हे त्या कंपनीला आधी सुचले नव्हते. आपल्या वस्तीतल्या कुठल्याही डिलिव्हरीवाल्याला विचारले असते, तर त्याने एका मिनिटात सांगितले असते.

आणि ज्या जागेत आम्ही जेवत होतो, ती जागा? लोअर परळच्या गिरण्यांत आपल्या आज्या-पणज्यांनी घाम गाळला. पण विणाई खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याची थुंकी लागलेला धागा सवर्ण कामगाराच्या तोंडाला लागेल म्हणून जास्त पगाराचे ते खाते आपल्याला बंद होते. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. जिथे आपले तोंड बाटवणारे ठरले होते, त्याच आवारात आपल्या टेकडीवरचा पोरगा स्वतःच्या कमाईचा घास तोंडात घालत होता. आमच्या लेखी हा प्रसंग लहान नाही. त्याला कुणी उधळपट्टी म्हणणार असेल, तर त्याने हा इतिहासही हिशेबात धरावा.

जपानची जात

जपान म्हटले की आपल्या लोकांना बुद्धाचा देश आठवतो. २०१५ साली तिथल्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने फोटो पाठवले. पण सुशी खाताना आम्हाला जपानची दुसरी बाजूही आठवली आणि ती तरुणांनी जाणून घेतली पाहिजे.

इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यावर वर्षातल्या काही महिन्यांपुरती बंदी घातली. पुढे बौद्ध अहिंसा आणि शिंतो विटाळ यांची सांगड घालून मांस, कातडे, रक्त यांच्याशी संबंध येणारी माणसेच अपवित्र ठरवली गेली. मेलेली जनावरे ओढणारे, कातडे कमावणारे, फाशी देणारे, यांना 'एता' म्हणत. या शब्दाच्या लिपीचिन्हांचा अर्थच 'पुष्कळ घाण' असा आहे. त्यांच्या वस्त्या वेगळ्या, लग्ने वेगळी. आज त्यांना बुराकुमीन म्हणतात. १८७१ साली सरकारने कायद्याने हा भेद रद्द केला. १८७२ च्या सुरुवातीला सम्राटाने स्वतः गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले. गोमांस प्रतिष्ठित झाले, पण ते कापणारा माणूस नीचच राहिला!

म्हणून ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत बुराकूंनी 'सुइहेइशा' ही संघटना स्थापन केली. आपल्या महाडच्या पाच वर्षे आधी. दया नको, माणूस म्हणून सन्मान हवा, ही त्यांची भूमिका होती. तरीही १९७५ साली उघडकीस आले की बुराकू वस्त्यांच्या नावांच्या गुप्त याद्या छापल्या जात होत्या आणि मोठमोठ्या कंपन्या त्या विकत घेत होत्या. नोकरी देण्याआधी उमेदवाराचा पत्ता ताडून पाहायचा. "उल्हासनगरला नेमके कुठे राहता?" या मुलाखतीतल्या प्रश्नाचा हा जपानी अवतार.

यात धर्मसंस्थाही मागे नव्हत्या. बौद्ध मंदिरांनी मेलेल्या बुराकूंना जी धम्मनावे दिली, त्यात पशू, कातडे अशा अर्थाची चिन्हे घुसवली. कबरीच्या दगडावरसुद्धा जात कोरली. १९७९ च्या जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाच्या प्रमुख प्रतिनिधीने जपानमध्ये असा भेदभावच नाही, असे सांगितले. बुराकू संघटनांनी जाब विचारल्यावर त्याला माघार घ्यावी लागली आणि पंथाला स्वतःची दप्तरे तपासावी लागली. धम्माचे नाव लावले म्हणजे जात आपोआप गळून पडत नाही. जातीविरुद्ध उभा राहतो तोच धम्म. बाविसाव्या प्रतिज्ञेनंतर आपले काम संपले असे ज्यांना वाटते, त्यांनी जपानचा हा इतिहास जरूर वाचावा.

बुराकू लोक आतड्यांचे तुकडे चरबी निघेपर्यंत तळून 'आबुराकासु' करतात. आपल्याकडे वजडी, चान्या, रक्ती. जे जनावर ओढायला लावले, त्याच्याच टाकलेल्या भागातून दोन्हीकडच्या बायांनी पोरे जगवली. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहून मराठवाड्यातल्या दलितांचे हे जेवण मराठी वाचकांच्या पुढ्यात ठेवले. त्याच वर्षीच्या मार्चपासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. आमच्या स्वयंपाकघराची नोंद व्हायला आणि त्यातला एक पदार्थ गुन्हा ठरायला एकच वर्ष उजाडले.

मोजलेले ताट

आता ७५६ थाळ्यांकडे येऊ.

शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दहा रुपयांत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. योजना चांगली होती, कित्येकांची भूक तिने भागवली. पण एक गोष्ट लक्षात घ्या. गरिबाच्या ताटातली भाजी ग्रॅममध्ये मोजली जाते. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य. शाळेच्या दुपारच्या जेवणात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळेत आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्या अंड्याचा निधी बंद केला. एक अंडे! आठवड्यातून एक! तेही परवडले नाही.

श्रीमंताचे ताट अनलिमिटेड आणि गरिबाचे ग्रॅममध्ये, हा खरा प्रश्न आहे. तो प्रश्न सरकारला विचारायचा असतो, भांडवलदाराला विचारायचा असतो. पहिल्या पगाराच्या पोराला नव्हे. ज्यांच्या लग्नात एका रात्रीत हजार ताटांचे अन्न उकिरड्यावर जाते, त्यांना कुणी वह्यांचा हिशेब मागत नाही. आपल्या पोराने आयुष्यात एकदा मनाजोगते खाल्ले की लगेच थाळ्यांचा गुणाकार सुरू होतो. गरिबाने फक्त गरजेपुरते खावे, चव आणि मौज ही वरच्यांची मालमत्ता, हा विचार आला कुठून? बलुत्याच्या नावाखाली आपल्याला शिळे-उष्टे मिळायचे आणि त्यालाच 'हक्क' म्हटले जायचे. मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याबरोबरच मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडायला सांगितले, ते या 'हक्का'ची बेडी तोडण्यासाठी. दिलेले खाणे आणि निवडलेले खाणे यातला फरक त्यांनी आपल्याला शिकवला. त्या मुलाने ७,५६० रुपयांत निवड विकत घेतली.

याचा अर्थ दर महिन्याला सुशी खावी असा कुणी काढू नये. मॉलमध्ये गेल्याने मुक्ती मिळत असती, तर बाबासाहेबांना एवढे कष्ट घ्यावे लागले नसते. त्या टेबलावरही मान खाली घालायला लावणारी नजर होतीच. पैशाने दार उघडते, नजर बदलत नाही.

धम्म काय सांगतो?

कच्च्या माशाचे उत्तर सोपे आहे. तथागतांनी भिक्खूंवर शाकाहाराची सक्ती करायला नकार दिला होता. देवदत्ताने ती मागणी केली, तेव्हा त्यांनी ती मान्य केली नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे आणि अहिंसेला आंधळा नियम न मानता तत्त्व मानले आहे. भगवंतांचे शेवटचे भोजन चुंद नावाच्या लोहाराच्या घरचे होते. ते खाऊन आजार बळावला, तेव्हा चुंदाला कुणी दोष देऊ नये म्हणून त्यांनी आनंदाला आवर्जून सांगितले. कारागिराच्या घरच्या अन्नाचा मान शेवटच्या घटकेलाही त्यांनी राखला.

अनलिमिटेडचे उत्तर मात्र जरा अवघड आहे. संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट आहे. राजा द्रोणभर भात खायचा आणि धापा टाकत भगवंतांकडे यायचा. प्रमाण ओळखून खाणाऱ्याला त्रास कमी होतो, अशा अर्थाची एक गाथा भगवंतांनी म्हटली. राजाने ती सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणून दाखवायला सांगितली. हळूहळू त्याचा आहार नाळीभर भातावर आला. जेवणातले प्रमाण ओळखणे याला पालीत 'भोजने मत्तञ्ञुता' म्हणतात. यातला मर्म असा की प्रमाण राजाने स्वतः ओळखले. भगवंतांनी हा उपदेश पोटभर खाणाऱ्या राजाला केला, उपाशी माणसाला नव्हे. संयम ही ज्याच्यापुढे भरलेले ताट आहे त्याची साधना आहे. रिकाम्या ताटावर लादला, तर तो संयम राहत नाही, ती उपासमार होते. आम्ही तिघे पाऊण तासात उठलो, एकही तुकडा ताटात न टाकता. हॉटेलच्या दंडाची भीती नव्हती. पोट भरले होते आणि ते आमचे आम्हाला कळले होते.

सहभोजनाच्या पुढे

एकत्र जेवल्याने जात मोडते का? १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले आहे की सहभोजनाने जातीची जाणीव मेलेली नाही. रोटीपेक्षा बेटीव्यवहार मूलगामी आणि त्याहून मूलगामी म्हणजे जातीला पावित्र्य देणाऱ्या शास्त्रांचे प्रामाण्य नाकारणे. आज हॉटेलात कोण कुणाशेजारी बसतो हे कुणी पाहत नाही. बिल सगळ्यांना सारखेच येते. पण तिथून उठून लोक ज्या सोसायटीत परततात, तिथला प्रश्न तोच असतो, "नॉनव्हेज खाता का?" म्हणून हॉटेलातल्या समतेवर समाधान मानू नका.

मग करायचे काय? आम्ही चार गोष्टी ठरवल्या आहेत आणि तुम्हालाही सुचवतो.

पहिली. अभ्यासिकेत महिन्यातून एकदा प्रत्येकाने घरचे जेवण आणायचे, जे शाळेत नेताना डब्याचे झाकण अर्धेच उघडले ते. सुकट, जवळा, वजडी, आंबाडी, जे असेल ते. आजीला विचारून कृती वहीत उतरवायची, दुष्काळात काय खाल्ले तेही लिहायचे. जपानने मजुराचे मुटके जगभर मानाने नेले. आपण आपली भाकरी निदान आपल्या मुलांसमोर तरी मानाने ठेवू.

दुसरी. हॉटेलात काम करणाऱ्या आपल्या आणि ईशान्येच्या मुलांशी बोला. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा जिथे लागू आहे, तिथे ठरवून दिलेल्या तासांवरच्या कामाला दुप्पट मजुरी आहे. बहुतेकांना हे ठाऊक नसते. शेवटच्या बदलापूर लोकलने दमून परतणाऱ्या पोरांना हे सांगणे, हेही चळवळीचेच काम आहे.

तिसरी. मुलाखतीत, घर पाहताना, कुणी आडून जात विचारली तर गप्प बसू नका. तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा. बुराकूंनी त्या गुप्त याद्या पुराव्यानिशी उघड्या पाडल्या, म्हणून कंपन्यांना उत्तर द्यावे लागले.

चौथी आणि सर्वात तातडीची. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पालिका आणि जिल्हा परिषद शाळांत आपलीच मुले आहेत, म्हणजे त्या समित्यांत आपलेच पालक आहेत. त्यांच्यासोबत बसा, अंडे परत सुरू करण्याचा ठराव मांडा, इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. मूल अंडे खात नसेल तर त्याला केळे द्यावे, पण खाणाऱ्याच्या ताटातून अंडे काढू नये, एवढी साधी मागणी आहे.

ग्रुपवर प्रश्न विचारणाऱ्या त्या ज्येष्ठ साथींना आम्ही विनंती केली आहे की पहिल्या ठरावाला सूचक म्हणून त्यांनीच उभे राहावे. त्यांचा नातू त्याच शाळेत तिसरीत आहे. त्यांनी होकार दिला आहे. तुमच्या वस्तीतल्या शाळेचा ठराव कधी मांडताय, ते कळवा.

जय भीम! नमो बुद्धाय!